पट्टा, मुसके आणि कोंडवाडा : सातारा–सांगली परिसरातील सार्वजनिक जागा व मोकळ्या कुत्र्यांविषयीचे नियम

सार्वजनिक बागेत पाळीव कुत्रा साखळीविना सोडावा किंवा नाही, हा प्रश्न वरकरणी अलीकडचा आणि शहरातील सुखवस्तू वर्गापुरता मर्यादित वाटतो. साताऱ्यातील गोलबाग असो, अजिंक्यताऱ्याची वाट असो किंवा सांगलीची आमराई असो, सकाळच्या वेळी फिरावयास येणाऱ्यांत कुत्रा घेऊन येणाऱ्यांची भर अलीकडच्या काळात पडली आणि त्याबरोबर कुरबुरीही आल्या. लहान मुलांना घेऊन येणारी आई, काठी टेकत चालणारे निवृत्त गृहस्थ आणि आपला कुत्रा ‘काही करीत नाही’ असे सांगणारा त्याचा मालक, हे तिघेही त्या जागेवर सारखाच हक्क सांगतात. तथापि हा वाद ज्या नियमांच्या आधारे सोडवावयाचा, त्या नियमांना सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाकडे पाहिले असता एक विसंगती सातत्याने आढळते. मोकळ्या कुत्र्याविषयीचे कायदे प्रामुख्याने मालकाला उद्देशून लिहिले गेले; त्यांची अंमलबजावणी मात्र ज्याला मालकच नाही अशा कुत्र्यावर होत राहिली. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या विसंगतीचा मागोवा घेतला आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी सातारा शहर ब्रिटिश मुलखात आणि सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात होते. भूगोल, शेती, बोली आणि श्रद्धास्थाने यांच्या दृष्टीने कृष्णाकाठचा हा पट्टा एकसंध असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो दीर्घकाळ विभागलेला होता. आजही सातारा शहरास नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम लागू आहे, तर ९ फेब्रुवारी १९९८ रोजी स्थापन झालेल्या सांगली, मिरज व कुपवाड शहर महानगरपालिकेस महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम लागू आहे.

दारचा कुत्रा आणि गावचा कुत्रा

कायद्यापूर्वीची व्यवस्था समजून घेतल्याखेरीज कायद्याने काय बदलले ते कळत नाही. या परिसरातील लोकजीवनात कुत्र्याचे स्थान दुहेरी राहिले आहे. श्राद्धातील पंचबलींमध्ये गोबली व काकबली यांच्याबरोबर श्वानबलीही काढला जातो. म्हणजे कुत्र्याचा वाटा धर्मकृत्यात मान्य आहे, परंतु तो घराबाहेर ठेवला जातो. रोजच्या जेवणातील चतकोर भाकरी कुत्र्याला टाकण्याची पद्धतही याच स्वरूपाची होय. कुत्र्याला अन्न मिळते, उंबरठा मिळत नाही. देवतांच्या बाबतीत चित्र अधिक जवळिकीचे आहे. कृष्णाकाठच्या औदुंबर येथे ज्या दत्तात्रेयाची उपासना होते, त्याच्या मूर्तीजवळ चार श्वान असतात आणि त्यांना चार वेदांची प्रतीके मानले जाते. कराड तालुक्यातील पाल हे खंडोबाचे मोठे क्षेत्र असून, खंडोबाच्या घोड्याबरोबर त्याचा कुत्राही मूर्तिशिल्पांत आढळतो. नामदेवांच्या चरित्रातील, कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा तर या भागातील प्रत्येक कीर्तनश्रोत्यास ठाऊक आहे.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतील धनगरांच्या वाड्यावर कुत्रा हा कळपाचा राखणदार असतो. त्यास बांधून ठेवले तर त्याचा उपयोगच संपतो. येथून दक्षिणेस फार दूर नसलेल्या मुधोळ संस्थानात मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी कुत्र्यांच्या ज्या जातीस राजाश्रय दिला, त्या जातीचाही गुण धावण्यातच आहे. थोडक्यात, या प्रदेशात मोकळा कुत्रा हा अपवाद नव्हता. बांधलेला कुत्रा हाच अपवाद होता. गल्लीतील कुत्रा कोणा एकाचा नसला तरी तो ‘त्या गल्लीचा’ असे. त्याला मालक नव्हता, ठिकाण होते.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. पिसाळलेल्या कुत्र्याला गावकरी काठ्यांनी मारीत आणि चावलेल्या माणसास मांत्रिकाकडे नेत. पाश्चरची लस १८८५ मध्ये आली. भारतात पाश्चर संस्था कसौली येथे १९०० साली व कुन्नूर येथे १९०७ साली सुरू झाली. माणदेशातील एखाद्या मेंढपाळास त्याचा काही उपयोग होण्यास आणखी पुष्कळ काळ जावा लागला. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौली येथे तयार केलेली लस भारतात जवळजवळ शतकभर वापरात होती. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हा वाक्प्रयोग मराठी माणसाच्या तोंडी बसला तो याच लसीमुळे. कुत्र्याविषयीच्या लोकभावनेत करुणेइतकाच भीतीचा अंश आहे आणि ही भीती अनाठायी नव्हती.

पालखीचा मान मिळालेला कुत्रा

साताऱ्याच्या इतिहासात मोकळ्या कुत्र्याचे एक असाधारण उदाहरण आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या एका आवडत्या कुत्र्याने त्यांचे वाघापासून प्राण वाचविले, म्हणून महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीची सनद काढली व त्यास पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. स्थानिक परंपरा या कुत्र्यास ‘खंड्या’ म्हणते. कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरील माहुली येथे त्याची समाधी दाखविली जाते.

ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास रेसिडेंट होता. कुत्र्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवल्याचा प्रसंगही तो सांगतो आणि हे सर्व शाहूंच्या उत्तरकाळातील बुद्धिभ्रंशाच्या संदर्भात मांडतो. साताऱ्याच्या लोकपरंपरेने मात्र हीच हकीगत कृतज्ञतेची म्हणून जपली. इमानी कुत्र्याचे स्मारक करण्याची परंपरा दख्खनेत त्याहून फार जुनी आहे. कर्नाटकातील आतकूर येथील दहाव्या शतकातील शिलालेख रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्याची स्मृती सांगतो. तेव्हा शाहूंचे कृत्य एकाकी नव्हते. पालखी मात्र खास साताऱ्याची म्हणावी लागेल.

या प्रसंगाचा प्रस्तुत विषयाशी संबंध असा की, सनद व जहागीर मिळालेला कुत्रा हा राज्यसंस्थेने कागदावर नोंद केलेला कुत्रा होता. शाहू महाराजांचे निधन १५ डिसेंबर १७४९ रोजी झाले. त्यानंतर शतकभरातच कुत्र्याची कागदावरील नोंद सर्वस्वी वेगळ्या कारणासाठी होऊ लागली.

मुंबईचा दंगा आणि साताऱ्याचे वेगळेपण

मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून वर्षातील ठराविक उष्ण महिन्यांत बेवारशी कुत्री मारण्याची पद्धत घातली होती. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस असे. परिणामी पोलिसांची शिपाईमंडळी रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच न थांबता घरांच्या आवारातील कुत्र्यांनाही हात घालू लागली. १८३२ साली ही मुदत वाढविली गेली आणि ६ जून रोजी दंगा उसळला. पारशी समाजात मृताच्या अंत्यविधीत ‘सगदीद’ म्हणजे कुत्र्याची दृष्टी पडणे आवश्यक मानतात. त्यामुळे पारश्यांनी पुढाकार घेतला. हिंदू, जैन व मुसलमान व्यापारी त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली आणि फौजेच्या रसदेतही व्यत्यय आला. पुढे जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने १८३४ साली मुंबईत पांजरपोळ उभी राहिली व तेथे अशा कुत्र्यांची सोय झाली.

या घटनेकडे सहसा धर्मभावनेचा उद्रेक म्हणून पाहिले जाते. तिची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बक्षिसाच्या पद्धतीत ‘मालकाचा’ व ‘बेवारशी’ हा भेद ठरविण्याचे काम, ज्याला कुत्रा मारल्याबद्दल पैसे मिळणार त्याच शिपायाकडे सोपविले होते. नियमाचा हेतू कोणताही असो, त्याच्या अंमलबजावणीत हा दोष मुळातच होता.

हा दंगा झाला तेव्हा साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांचे राज्य होते. सांगलीस पटवर्धन होते. मुंबईचा तो नियम सह्याद्रीच्या अलीकडे लागू नव्हता. कंपनी सरकारचा प्रत्यक्ष अंमल साताऱ्यावर राज्य खालसा झाल्यानंतर, म्हणजे १८४८–४९ नंतर आला. १८५३ साली सातारा नगरपालिका स्थापन झाली. रस्ते, गटारे, दिवाबत्ती यांबरोबर ‘सार्वजनिक उपद्रव’ ही नवी संकल्पना नगरपालिकेच्या कारभारातून गावात आली. गल्लीचा कुत्रा या संकल्पनेत कोठेच बसत नव्हता. तो सार्वजनिक जागेत राहतो म्हणून उपद्रव ठरला आणि त्याला मालक नाही म्हणून बेवारशी ठरला. ज्या गल्लीने त्याला भाकरी घातली, त्या गल्लीस कायद्याच्या लेखी काहीच अस्तित्व नव्हते.

कोंडवाड्यात जागा नसलेला प्राणी

येथे कोंडवाड्याच्या कायद्याशी तुलना केल्यास बरेच स्पष्ट होते. १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा अधिनियम हा खेड्यापाड्यांत सर्वांत परिचित अशा कायद्यांपैकी एक होय. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालावयाचे, मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवावयाचे, मुदतीत कोणी न आल्यास लिलाव करावयाचा, अशी ती पद्धत. या अधिनियमातील ‘गुरे’ या संज्ञेत हत्ती, उंट, म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी असे सर्व प्राणी येतात. कुत्रा येत नाही.

हे वगळणे सहज झालेले दिसते, परंतु त्याचे परिणाम दूरगामी ठरले. बैल मोकाट सुटला तर दोष मालकाचा, हे कायद्याने गृहीत धरले. बैलाला किंमत असल्याने मालक शोधत येणार हेही गृहीत धरले. म्हणून शिक्षा मालकाच्या खिशाला झाली व बैल जिवंत राहिला. कुत्र्याला बाजारात किंमत नव्हती. त्याला कोंडणे, पोसणे, मालकाची वाट पाहणे हा खर्च कोणी करावा? त्याच्यासाठी कोंडवाडा नसल्यामुळे मोकाट कुत्र्याबाबत प्रशासनापुढे दोनच मार्ग उरले : दुर्लक्ष करणे किंवा मारणे. सातारा व सांगलीच नव्हे, तर महाराष्ट्रातील बहुतेक नगरपालिकांचा कुत्र्यांविषयीचा कारभार पुढे शंभर वर्षे या दोन टोकांमध्ये हेलकावत राहिला, याचे मूळ या एका वगळलेल्या शब्दात शोधता येते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई पोलीस अधिनियम झाला. त्याने जिल्ह्यांसाठीचा १८९० चा व मुंबई शहरासाठीचा १९०२ चा असे जुने पोलीस कायदे एकत्र केले. आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्यातील कलम ४४ कुत्र्यांविषयी आहे. पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी यांना जाहीर नोटीस काढून, ठराविक मुदतीत रस्त्यावर वा सार्वजनिक जागी भटकताना आढळणारी कुत्री मारता येतील असे घोषित करण्याचा अधिकार या कलमाने दिला. त्याचप्रमाणे, कोणी हाती धरून नेत नसलेल्या प्रत्येक कुत्र्याला मुसके बांधले पाहिजे अशी नोटीसही काढता येते. हे मुसके कसे असावे तेही सांगितले आहे : चावता येऊ नये, परंतु श्वास घेण्यास व पाणी पिण्यास अडथळा होऊ नये. ज्या कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचे नाव व पत्ता असेल, त्यास तत्काळ मारावयाचे नाही, मालकास कळवावयाचे. तीन दिवसांत मालक आला नाही तरच पुढील कारवाई.

याच अधिनियमाचे कलम १०६ थेट मालकाकडे बोट दाखविते. रस्त्यावर अगर सार्वजनिक जागी क्रूर कुत्रा मुसके न बांधता मोकळा राहू देणे, किंवा कुत्रा कोणाच्या अंगावर सोडणे, हा त्यात अपराध ठरविला आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम २८९ मध्ये प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये दंडाची मर्यादा पाच हजार रुपये झाली आहे.

या तरतुदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे ध्यानात येते की, कायद्याने कुत्र्याच्या जीविताचा निर्णय त्याच्या गळ्यातील पट्ट्यावर ठेवला. चावणे हा निकष नव्हता. वर्षानुवर्षे कोणासही न चावलेला गल्लीचा कुत्रा नोटिशीच्या मुदतीत मारता येत होता. चावरा परंतु पट्टा असलेला कुत्रा तीन दिवस सुरक्षित होता. मालकाविरुद्ध कलम १०६ खाली तक्रार करावयाची तर तक्रारदाराने पोलीस ठाण्यात जावे, साक्षीदार आणावेत आणि बहुधा शेजाऱ्याशीच वैर घ्यावे. लहान शहरात हे कोण करणार? त्यापेक्षा नगरपालिकेकडे ‘मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त’ करण्याचा अर्ज देणे सोपे. अर्जावर सह्या पुष्कळ मिळतात आणि त्यात कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही. दंड करण्याची तरतूद निष्प्रभ राहून मारण्याची तरतूद वापरात राहिली, ती बव्हंशी या सोयीमुळे.

मारण्याची पद्धत काय होती, याचे वर्णन सुखद नाही. विष घातलेले खाद्य पहाटे टाकणे आणि उजाडल्यावर मृत कुत्री गोळा करणे, ही अनेक नगरपालिकांतील परिचित रीत होती. हे काम सफाई खात्यातील सर्वांत खालच्या पायरीवरील कामगारांकडे येई. ज्यांच्या तक्रारीवरून ते केले जाई, त्यांना ते पाहावेही लागत नसे.

कर : आकारता येणारा, न आकारलेला

मालकास जबाबदार धरण्याचा आणखी एक मार्ग कायद्यात होता व आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आणि १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातही पालिका हद्दीत पाळलेल्या कुत्र्यांवरील कर हा ऐच्छिक करांमध्ये समाविष्ट आहे. म्हणजे सातारा व सांगली या दोन्ही शहरांना वेगवेगळ्या कायद्यांन्वये एकच अधिकार उपलब्ध आहे. कर बसविला की नोंदणी येते, नोंदणी आली की बिल्ला व लसीकरणाचा दाखला मागता येतो आणि बागेत सोडलेला कुत्रा कोणाचा हे शोधता येते. परंतु अशा करातून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे व वसुलीची दगदग मोठी. शिवाय कर भरणारा मतदार असतो. त्यामुळे महाराष्ट्रातील लहान व मध्यम शहरांत हा अधिकार प्रायः पुस्तकातच राहिला. या कराकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले गेले, नियमनाचे साधन म्हणून नव्हे, ही त्यातील खरी अडचण होय.

दोन वर्ग आणि मधली पोकळी

२४ डिसेंबर २००१ रोजी केंद्र शासनाने प्राणी जन्मनियंत्रण (कुत्रे) नियम जारी केले. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाखालील या नियमांनी जुन्या व्यवस्थेचा पायाच बदलला. कुत्र्यांचे दोनच वर्ग करण्यात आले : पाळीव व रस्त्यावरील. रस्त्यावरील कुत्रा पकडावा, त्याची नसबंदी व लसीकरण करावे आणि त्यास जेथून आणले तेथेच परत सोडावे. ‘जेथून आणले तेथेच’ या शब्दांतून गल्लीच्या कुत्र्याचे ठिकाण कायद्याने प्रथमच मान्य केले. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत प्रजनन, लसीकरण व परवाना यांची जबाबदारी मालकावर टाकून नियम पुढे सरकले.

या नियमांमुळे राज्यांच्या पालिका कायद्यांशी संघर्ष उद्भवला. गोव्यातील एका प्रकरणापासून सुरू झालेला हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेला. डिसेंबर २००८ मध्ये पूर्णपीठाने बहुमताने पालिकांचा कुत्री मारण्याचा अधिकार मान्य केला. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुढे १० मार्च २०२३ रोजी नवे नियम आले. त्यांत रस्त्यावरील कुत्र्यास ‘समुदायाचा प्राणी’ ही संज्ञा मिळाली आणि त्यास खाऊ घालण्याच्या जागा लहान मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून दूर ठरवाव्यात असे सांगितले गेले. माणदेशातील आजीने चतकोर टाकताना कोणत्या नियमाचा आधार घेतला होता, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे कठीण. परंतु तिच्या कृतीस राजपत्रात जागा मिळण्यास एवढा काळ लागला, हे खरे.

नसबंदीच्या या मार्गाचे यश मात्र पैसा, पशुवैद्यक आणि सातत्य यांवर अवलंबून असते. काही वर्षे मोहीम चालावी, मग निविदा रखडावी, मग पुन्हा प्रारंभ व्हावा, अशा पद्धतीने कुत्र्यांची संख्या कमी होत नाही. उकिरडे व मांसविक्रीच्या जागांचा कचरा उघडा राहिल्यास तर नाहीच. जीवितहानीचा प्रश्नही मिटलेला नाही. २०२५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संशोधकांच्या पाहणीनुसार देशात वर्षास सुमारे ९१ लाख प्राणिदंश होतात. त्यांतील तीन चतुर्थांशाहून अधिक कुत्र्यांचे असतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे दगावतात. दोन दशकांपूर्वी हाच अंदाज २०,००० मृत्यूंचा होता. घट मोठी आहे. पण लस उपलब्ध असलेल्या रोगाने ५,७०० माणसे मरणे ही समाधानाची गोष्ट नव्हे.

या सर्व घडामोडींत पाळीव परंतु मोकळा सोडलेला कुत्रा कोठे बसतो, हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. तो रस्त्यावरील नाही, म्हणून पालिकेचे पथक त्यास पकडणार नाही. तो पाळीव आहे, परंतु त्या क्षणी मालकाच्या हाती नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत याविषयी थोडा विचार आढळतो. सार्वजनिक जागी कुत्र्यास साखळी असावी, असे मालकांना सुचविले आहे; त्याचबरोबर बागांतून पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी करणे अदूरदर्शीपणाचे ठरेल, त्याऐवजी वेळा ठरवून घ्याव्यात, असेही म्हटले आहे.

वेळा ठरविण्याची ही कल्पना इतरत्र वापरून पाहिलेली आहे. न्यूयॉर्क शहरातील मोठ्या उद्यानांत पहाटेपासून सकाळी ९ पर्यंत व रात्री ९ नंतर कुत्री मोकळी सोडण्याची मुभा अनेक वर्षे केवळ प्रघात म्हणून होती. २००७ साली तिला नियमाचे रूप देण्यात आले. मात्र तेथे परवाना व लसीकरणाचा पुरावा सोबत ठेवणे आवश्यक असते. हैदराबाद महानगरपालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर येथे कुत्र्यांसाठी स्वतंत्र उद्यान उघडून दुसरा मार्ग घेतला. सांगली–साताऱ्यास हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर मालक नसलेला कुत्रा जवळजवळ दिसतच नाही. येथे पाळीव कुत्रा साखळीतून सुटला की त्याची पहिली गाठ बागेच्या दारातल्या गल्लीच्या कुत्र्यांशी पडते आणि भांडण त्यांच्यात लागले तरी चावा बहुधा सोडवावयास गेलेल्या माणसास बसतो. शिवाय येथील सकाळच्या ज्या वेळा कुत्र्यासाठी सोयीच्या, त्याच वृद्धांच्या फिरण्याच्या असतात. घराला अंगण नसलेल्या कुटुंबांच्या मुलांना तर बाग हीच एकमेव मोकळी जागा असते. ज्याच्या बंगल्यास आवार आहे त्याने आपल्या कुत्र्यासाठी बागेतील मोकळीक मागावी आणि एका खोलीत राहणाऱ्याच्या मुलाने त्यासाठी कडेने चालावे, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. वेळ ठरवावयाची झाल्यास प्रथम मुलांची व वृद्धांची ठरवावी, उरलेल्यातून कुत्र्यांची. आणि तीही नोंदणी झालेल्या कुत्र्यांचीच. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. उपविधी करण्याचा व कर बसविण्याचा अधिकार दोन्ही पालिकांना आहे.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या विषयात स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्ट रोजी दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवारागृहात हलविण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे सांगितले व प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढविली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने मात्र शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री काढावीत, ती पुन्हा तेथे सोडू नयेत, आवारास कुंपण घालावे आणि प्रत्येक संस्थेने देखरेखीसाठी अधिकारी नेमावा, असे ठरविले. ‘जेथून आणले तेथेच’ या तत्त्वास अशा आवारांपुरता अपवाद झाला.

सातारा व सांगली यांसारख्या शहरांत महाविद्यालयाचे मैदान हेच पुष्कळदा परिसरातील सर्वांत मोठे मोकळे पटांगण असते आणि सकाळी ते बागेसारखेच वापरले जाते. ७ नोव्हेंबरच्या आदेशानुसार तेथील वसतिगृहाच्या खानावळीमागे राहणारा, कदाचित नसबंदी झालेला कुत्रा हलवावा लागेल. त्याच मैदानावर सकाळी फाटकातून पट्ट्यासह आत येणारा व आत आल्यावर मोकळा सुटणारा कुत्रा या आदेशाच्या ‘भटका’ या शब्दात येत नाही. त्याच्यासाठी अद्याप १९५१ चे कलम १०६ आहे आणि त्याखाली तक्रार करणारा कोणी पुढे आला तरच ते लागू होते.